तिसऱ्या भागाचा वाद

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज लागते. माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून त्याचे नाव पाठ्यपुस्तकातूनही मुलांनी वाचलेले असते. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. जाताना एस.टी.त नेहमीप्रमाणे गाण्याच्या भेंड्या होतील असे वाटले होते. त्याऐवजी मागच्या बाकांवर जोरदार भांडण सुरू झाले. विषय होता : ‘क्रिश’चा कोणता भाग चांगला, आणि ‘क्रिश’ चांगला की ‘रोबो’?

आमच्या शाळेत हा वाद दुरंगी कधीच नसतो. शहराच्या पूर्व भागातील, विणकरांच्या घरांतील मुले घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगू चित्रपट पाहतात. अक्कलकोटकडची काही मुले कन्नड बोलतात. उरलेली मराठी आणि दखनी. रजनीकांतचा ‘एंथिरन’ या मुलांच्या घरात ‘रोबो’ म्हणून आला, दुसऱ्यांच्या घरात हिंदीतून ‘रोबोट’ म्हणून. “काय बे, तुझ्या क्रिशला दुसरा भागच नाही, एकदम तीनच आला!” असे एक म्हणे. “पहिला भाग ‘कोई मिल गया’ धरायचा असतो, इतकंपण माहीत नाही?” असे दुसरा म्हणे. मला हसू येत होते, पण आवाज वाढला तेव्हा मी शिक्षकाला शोभेल असे बोललो : “पुरे आता. ही सगळी करमणूक आहे. यात चांगलं-वाईट काय ठरवायचं?”

मुले गप्प बसली. माळरानावर पोचलो. काळवीट दिसले, माळढोक अर्थातच दिसला नाही. परत निघताना सकाळच्या भांडणातली एक मुलगी जवळ आली आणि तिने विचारले, “सर, माळढोकपण मोबाइलच्या टॉवरमुळेच गेला ना? ‘रोबो’च्या दुसऱ्या भागात दाखवलंय तसं?”

त्या प्रश्नाने माझे सकाळचे वाक्य माझ्यावरच उलटले. करमणुकीत चांगले-वाईट काय ठरवायचे, असे मी म्हटले होते. आणि येथे एका हुशार मुलीच्या मनात चित्रपटाने निसर्गाविषयीचे एक स्पष्टीकरण पक्के करून ठेवले होते. म्हणजे ठरवायला हवे होतेच. मुले ते ठरवू पाहत होती, त्यांना रीत सापडत नव्हती, आणि रीत दाखवायची ती मी त्यांना गप्प केले होते. हा लेख त्या राहून गेलेल्या तासाची भरपाई आहे.

एका भांडणात चार भांडणे

लांबत जाणाऱ्या विज्ञानकथा-मालिकांच्या चाहत्यांचे वाद जगभर होतात. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ १९६६मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली, ‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट १९७७मध्ये आला, इंग्लंडमध्ये ‘डॉक्टर हू’ १९६३पासून, मधला मोठा खंड सोडला तर, चालूच राहिली. या तिन्हींचे चाहते आज आजोबा झाले आहेत आणि नातवंडांशी त्याच मुद्द्यांवर भांडत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हे वाद पोरकट वाटतात. ते तसे वाटण्याचे एक कारण असे की त्यांत चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात.

पहिला प्रश्न : मला हे आवडले का? दुसरा : कथा म्हणून हे चांगले आहे का? तिसरा : आधीच्या भागाशी हे जुळते का? चौथा : यातील विज्ञानाचा आपण जाणतो त्या विज्ञानाशी काय संबंध आहे?

पहिल्या प्रश्नावर वाद होऊ शकत नाही. एखाद्याला शेंगाचटणी आवडते, एखाद्याला नाही. उरलेल्या तिन्हींवर होऊ शकतो, कारण त्यांत पुरावा दाखवता येतो. गंमत अशी की मुले भांडतात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रश्नावर, आणि हरायला लागली की पळ काढतात पहिल्याकडे : “मला आवडतो, जा!” आपण मोठेही साहित्य-संगीताच्या वादात यापेक्षा वेगळे काही करत नाही.

नेमोच्या तारखा

तिसरा प्रश्न, म्हणजे जुळण्याचा, दिसतो किरकोळ पण शिक्षकाच्या फार उपयोगाचा आहे. त्याचे जुने उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्यामुळे पाणबुडीतला कॅप्टन नेमो आपल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. १८७०च्या सुमारास पूर्ण झालेल्या मूळ पाणबुडी-कादंबरीत नेमो कोण, कुठला, हे व्हर्नने गुपित ठेवले. पुढे १८७४-७५मध्ये आलेल्या गूढ बेटाच्या कादंबरीत त्याने ते उघड केले : नेमो म्हणजे बुंदेलखंडातला राजपुत्र दक्कार, १८५७च्या लढ्यात उतरलेला. हे वाचून भारतीय वाचकाची छाती फुगते, आणि फुगावी. पण तारखा मात्र जुळत नाहीत. पहिल्या कादंबरीत प्राध्यापक आरोनाक्स नेमोच्या पाणबुडीवर असतो तो काळ १८६७ ते १८६८चा जून. दुसऱ्या कादंबरीत नेमो मरतो १८६८च्या ऑक्टोबरमध्ये; पण तो म्हातारा झालेला, साथीदार एकेक करून गेलेले, बेटाखालच्या गुहेत एकटाच वर्षानुवर्षे राहिलेला. चार महिन्यांत एवढे सगळे कसे झाले?

याला तीन प्रकारची उत्तरे देता येतात. एक : लेखकाची चूक झाली. दोन : दोन्ही गोष्टी निराळ्या जगांतल्या आहेत असे समजावे. तीन : आरोनाक्सने मुद्दाम तारखा बदलून लिहिल्या असाव्यात. मुलांना विचारून पाहा, बहुतेकांना तिसरे उत्तर आवडते, कारण त्यात चातुर्य आहे. मग विचारावे : या उत्तराला पहिल्या पुस्तकात काही आधार आहे का? आरोनाक्स आणखी कुठे खोटे बोलताना दिसतो का? नसेल, तर आपण हे उत्तर केवळ अडचण झाकण्यासाठी शोधले. विज्ञानात अशा गृहीतकाला ठिगळ म्हणतात. ठिगळ नेहमीच चुकीचे असते असे नाही. युरेनसची कक्षा हिशेबात बसेना तेव्हा पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असेल असे म्हणणे हेही एका अर्थी ठिगळच होते. पण त्या ठिगळाने ग्रह कुठे शोधायचा हे सांगितले, आणि १८४६मध्ये तेथे नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतील तफावतीसाठी ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह तसाच कल्पिला गेला. तो कधीच सापडला नाही, आणि त्या तफावतीचे उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने १९१५मध्ये दिले. ठिगळ आणि गृहीतक यांतला फरक एवढाच की गृहीतक नवे काहीतरी तपासायला देते.

क्रिशची आनुवंशिकता

आता एस.टी.तल्या वादाकडे येऊ. ‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) हे राकेश रोशन यांचे तीन चित्रपट. हिंदीत विज्ञानकथेची एवढी लांबलेली आणि घराघरांत पोचलेली दुसरी मालिका सहसा आठवत नाही.

पहिल्या भागात परग्रहावरचा जादू सूर्यप्रकाशातून शक्ती घेतो आणि बुद्धीने मागे पडलेल्या रोहितला बुद्धी व बळ देतो. दुसऱ्या भागात रोहितच्या मुलात, कृष्णात, ही शक्ती जन्मतःच आलेली असते. दहावीच्या विज्ञानात लॅमार्क शिकवताना मी आता हाच प्रश्न फळ्यावर लिहितो : बापाने आयुष्यात मिळवलेला गुण मुलात उतरेल का? लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः पिळदार नसतात. ऑगस्ट वाइझमनने उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेपट्या कापल्या, तरी प्रत्येक पिढीत उंदीर शेपटीसकटच जन्मले. तेव्हा कृष्णाची शक्ती हा चित्रपटातील लॅमार्कवाद झाला.

यावर चाहत्यांचा वकील वर्गात उभा राहतोच. एकदा एका मुलाने सांगितले, “सर, जादूच्या किरणांनी रोहितच्या सगळ्या पेशींतला डीएनए बदलला असेल तर? मग बीजपेशींतलापण बदलणार की.” मी त्याला शाबासकी दिली, कारण त्याने नकळत लॅमार्ककडून वाइझमनकडे उडी मारली होती : शरीरपेशींतला बदल उतरत नाही, बीजपेशींतला उतरतो. मग मी विचारले, “तसे असेल तर आणखी काय दिसायला हवे?” त्यावर वर्गाने पंधरा मिनिटे काथ्याकूट केला. शक्ती टिकून राहण्यासाठी रोहितला पुन्हा जादूची गरज पडायला नको. कृष्णाच्या मुलांपैकी काहींत शक्ती कमी-अधिक उतरावी. दोन जनुके असतील तर एक शक्ती आली आणि दुसरी आली नाही, असेही व्हावे. मेंडेलचे वाटाणे शिकवताना इतका उत्साह मी पाहिलेला नाही. चित्रपटाचे विज्ञान चुकीचे असले तरी त्यातून प्रश्न बरोबर निघू शकतो, हे मला त्या तासाला कळले.

कथा म्हणून पाहिले तर मात्र या मालिकेचा आलेख खाली जातो असे माझे मत आहे, आणि ते मी कारणांसह मांडतो. पहिल्या भागावर स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ (१९८२) या चित्रपटाची सावली आहे असा आक्षेप त्या वेळीच घेतला गेला आणि तो अगदी निराधार नाही. तरीही त्या भागाच्या मध्यभागी एक खरा प्रश्न आहे : बुद्धी कमी असलेल्या मुलाशी आपण कसे वागतो, आणि बुद्धी मिळाली की तो तोच राहतो का? विज्ञानकथेने असाच प्रश्न विचारावा. दुसऱ्या भागात भविष्य दाखवणारे यंत्र येते आणि ते बनवून घेणाऱ्याला त्यात स्वतःचा शेवट दिसतो. दिसलेले भविष्य टाळता येईल का, हा प्रश्नही मोठा आहे. पण चित्रपट तो एका पाठलागापुरता वापरतो. तिसऱ्या भागात खलनायक विषाणू पसरवतो आणि त्याचा उताराही विकतो. येथे प्रश्न उरतच नाही, फक्त संकट उरते. संकट आणि प्रश्न यांतला हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागाजवळ प्रश्न असतो म्हणून तो गाजतो. पुढचे भाग संकट मोठे करत नेतात, कारण संकट मोठे करणे पैशाने जमते, प्रश्न मोठा करणे जमत नाही.

या तिसऱ्या भागाला काळाने एक नवीच कसोटी लावली. २०२०नंतर वर्गातली मुले तो पाहताना हसतात. विषाणू म्हणजे काय, लस आणि उतारा यांत फरक काय, हे त्यांनी घरात बसून अनुभवले आहे. नव्या करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला. भारतात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ला. जगभरच्या प्रयोगशाळा झटत असूनही सुमारे एक वर्ष, आणि तेही विक्रमी वेगाचे. चित्रपटात हे काम एका माणसाच्या हातून गाण्याच्या दोन कडव्यांएवढ्या वेळात होते. कथेने वेळ आखडता घ्यायला माझी हरकत नाही. पण विज्ञान अनेकांनी मिळून, चुकत-तपासत करायचे काम आहे हेच त्यात पुसले जाते, त्याला आहे.

टॉवर आणि माळढोक

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शंकर यांचा ‘एंथिरन’ २०१०चा. त्यात चिट्टी नावाच्या यंत्रमानवाला भावना दिल्या जातात आणि त्यातून अनर्थ ओढवतो. हाणामारीचा भाग वगळला तरी प्रश्न उरतो : आज्ञा पाळणे आणि बरे-वाईट कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का? आयझॅक असिमॉव्हने १९४२मध्ये यंत्रमानवाचे तीन नियम कथेत मांडले आणि पुढे अनेक कथांत तेच नियम कुठे अडखळतात ते दाखवले. ‘एंथिरन’ त्या परंपरेत बसतो.

दुसरा भाग, ‘२.०’, २०१८चा. मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरतात, म्हणून एका पक्षिशास्त्रज्ञाचे तेजोवलय सूड घेते, अशी त्याची मांडणी. तो प्रदर्शित होण्याच्या सुमारास मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने अशास्त्रीय प्रचाराचा आक्षेप घेतला होता. मुलांना मी येथे थांबवतो. आक्षेप घेणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. आणि चित्रपटाचा हेतू चांगला म्हणून त्याचा दावा खरा ठरत नाही. दावा तपासावा लागतो.

तपासायला सोपी सुरुवात अकरावीच्या भौतिकशास्त्रातून करता येते. मोबाइलच्या लहरींची वारंवारता साधारण २ अब्ज हर्ट्‌झ धरली, तर तिच्या एका फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सुमारे अडीच लाखपट कमी येते. एकेका फोटॉनने रासायनिक बंध तोडावा एवढी ऊर्जा तिच्यात नाही. तीव्रता फार वाढवली तर ऊतक तापेल, पण टॉवरपासून थोडे अंतर गेले की तीव्रता झपाट्याने घटते. यावरून ‘कोणताच परिणाम नाही’ असे सिद्ध होत नाही. पण आकाशातून पक्षी टपटप पडावेत असे काही या आकड्यांत नाही, आणि चिमण्यांच्या घटीला टॉवरच कारणीभूत आहेत असे ठरवणारा भक्कम पुरावाही पुढे आलेला नाही. घरटी करायला वळचणी राहिल्या नाहीत, पिलांना भरवायला किडे राहिले नाहीत, ही कारणे जास्त साधी आहेत.

माळढोकाची गोष्ट तर अगदी आपल्या दारातली. हा मोठा, जड पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते. त्याला मोकळा गवताळ माळ लागतो. मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालते. माळाला आपण पडीक जमीन समजलो. पाणी आले तिथे ऊस आला, वस्ती आली, कुत्री आली. त्याआधी शिकार होतीच. उडताना समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि वजनामुळे चटकन वळता येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर तो आदळतो. अभयारण्य १९७९मध्ये जाहीर झाले, तरी आज सोलापूर जिल्ह्यात एखादा माळढोक दिसला तर बातमी होते. सगळ्या देशात मिळून ते दीडशेच्या आसपास उरले असल्याचे सांगितले जाते.

या गोष्टीत तारा आहेत, पण लहरी नाहीत. आणि दुष्ट माणूसही नाही. शेतकऱ्याने पोटासाठी ऊस लावला, गावाने दिव्यासाठी वीज मागितली. ‘२.०’वर माझा खरा आक्षेप येथे आहे. फोटॉनचे गणित चुकले म्हणून मी तो चित्रपट कमअस्सल म्हणत नाही. गणित चुकलेल्या थोर विज्ञानकथा कितीतरी आहेत. व्हर्नचेच पाहा. त्याने नऊशे फूट लांबीच्या तोफेतून माणसे चंद्राकडे उडवली. सेकंदाला ११ किलोमीटर वेग एवढ्याच लांबीत गाठायचा तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२ हजार पट येते. प्रवाशांचा लगदा व्हायला सेकंदाचा विसावा भागही लागणार नाही. तरी ती कादंबरी टिकली, कारण तिने वाचकाला हिशेब करायला शिकवले आणि हिशेब करूनच तिची चूक पकडता येते. ‘२.०’ हिशेब करायला सांगत नाही. तो एक बाहेरचा शत्रू दाखवतो आणि आपल्याला मोकळे करतो. माळढोक का गेला याचे उत्तर ज्या मुलांना आपल्याच माळावर सापडले असते, त्यांनी ते टॉवरकडे पाहून संपवले. हे नुकसान खरे आहे.

पुढचा भाग खरोखरच वाईट असतो का?

‘पहिला भागच भारी’ हे चाहत्यांचे जवळजवळ सार्वत्रिक मत. वर मीही तसेच बोललो. तेव्हा स्वतःच्या मतावरही कसोटी लावणे आले.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६मध्ये आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०५ जोडपी आणि त्यांची मोठी झालेली ९२८ मुले. फार उंच आई-बापांची मुले उंच निघाली, पण आई-बापांइतकी नव्हेत. ती सरासरीकडे सरकलेली होती. फार बुटक्यांची मुलेही तशीच सरासरीकडे सरकली. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. त्यामागे कोणतीही गूढ शक्ती नाही.

वर्गात करून पाहा. साठ मुलांनी प्रत्येकी दहा नाणी उडवावीत. तीन-चार जणांना आठ किंवा जास्त छापे मिळतील. त्यांना ‘विजेते’ म्हणून पुढे बोलवा आणि पुन्हा उडवायला सांगा. त्यांची सरासरी पाचच्या आसपास येईल. विजेत्यांचा हात बिघडला का? नाही. पहिल्या खेपेला नशिबाचा वाटा होता, आणि आपण नशीबवानांनाच निवडले होते.

चित्रपटांचे असेच होते. पुढचा भाग कोणाचा निघतो? ज्याचा पहिला गाजला त्याचाच. पडलेल्या चित्रपटांना दुसरा भाग मिळत नाही. गाजण्यात गुण असतोच, पण योग्य वेळ, जमलेले संगीत, नटाची निवड यांचाही वाटा असतो. तो पुन्हा तसाच जुळून येईल याची हमी नसते. म्हणून सरासरीने दुसरा भाग थोडा खाली येणार, निर्मात्याने काहीच बिघडवले नसले तरी. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. ‘स्टार वॉर्स’चा १९८०चा दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा सरस मानणारे चाहते पुष्कळ आहेत. नियम सरासरीचा आहे, प्रत्येकाचा नाही.

दुसरे कारण आठवणीचे. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. आम्ही शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून तो पाहत असू. तेव्हापासून माझे मत होते की तसे पुन्हा काही झाले नाही. अलीकडे ते भाग पुन्हा पाहिले. एकूण ७९ भाग. त्यांतले मोजकेच आजही उत्तम आहेत, बरेच सामान्य आहेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या आरंभीचा, स्पॉकचा मेंदू चोरीला जाण्याचा भाग तर चाहतेही थट्टेनेच आठवतात. मी लहानपणी पाहिलेले सगळे विसरून उत्तम तेवढे जपले होते, आणि त्या निवडक जुन्याची तुलना सबंध नव्याशी करत होतो. थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथाकाराचे म्हणणे असे होते की विज्ञानकथेतला नव्वद टक्के भाग टाकाऊ असतो हे खरे, पण मग कशातलाही नव्वद टक्के भाग टाकाऊच असतो. जुन्यातला टाकाऊ भाग काळ गाळून टाकतो, नव्यातला अजून आपल्यासमोर असतो.

तेव्हा ‘क्रिश’विषयीचे माझे मत मी मागे घेतो का? नाही. पण आता त्याचे दोन भाग करतो. पुढचे भाग फिके वाटणे यातले काही सरासरीचे व आठवणीचे देणे आहे. ‘प्रश्न जाऊन संकट आले’ हे मात्र कथेतच दाखवता येते. पहिले माझ्याविषयी आहे, दुसरे कलाकृतीविषयी.

आपल्याकडे मालिका का नाही?

मुलांनी एकदा विचारले, “मराठीत अशी विज्ञानकथेची मालिका कुठली?” मी अडलो. मालिका मराठीला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, भागवतांचा फास्टर फेणे, नारायण धारपांचा समर्थ. रहस्य, साहस, भय यांत एकच नायक घेऊन पुस्तकामागून पुस्तक निघाले. विज्ञानकथेत मात्र आपली नजर एकेकट्या कथेवर राहिली. त्याचे कारण मला तिच्या वाढीत दिसते. मराठी विज्ञान परिषदेने १९७०पासून विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि ती पहिली आली. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांना लागते ती दहा-पंधरा पानांत पुरी होणारी कथा : एक कल्पना, तिचा एक परिणाम, शेवटी एक धक्का. या साच्याने आपल्याला चांगल्या कथा दिल्या. पण धक्का बसला की ते जग मिटते. त्यामुळे आपल्याकडे वाद झाला तो ‘विज्ञान किती आणि कथा किती’ एवढाच. ‘हे मागच्याशी जुळते का’ हा प्रश्न विचारायची संधीच वाचकाला मिळाली नाही.

मालिकेचा मोठा गुण तोच आहे. ती लेखकाला स्वतःच्या नियमांशी बांधते आणि वाचकाला पहारेकरी करते. नारळीकर २० मे २०२५ला गेले. त्यांच्या कथांची पारायणे केलेली पिढी आता शिकवते आहे. त्या पिढीतील कोणी एखादे जग रचून दहा पुस्तके त्यात रमले, तर चुका होतील, तारखा चुकतील, तिसरा भाग फसेल; पण मराठी मुले त्यावर भांडतील. त्या भांडणाची मला असूया वाटते.

वर्गासाठी

करायचे ते थोडेच आहे. मुलांच्या आवडीची कोणतीही मालिका घ्यावी आणि वहीत चार रकाने आखावेत : आवडले का, कथा म्हणून कसे, मागच्याशी जुळते का, विज्ञान काय म्हणते. पहिल्या रकान्यात काहीही लिहिता येईल. बाकी तिघांत प्रत्येक विधानापुढे पुरावा हवा : कोणता प्रसंग, कोणते पान, कोणता आकडा. आणि शेवटी एक प्रश्न : काय दाखवले तर मी माझे मत बदलीन? याचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याचे विधान पहिल्या रकान्यात परत जाते. आमच्या वर्गात सर्वांत जास्त विधाने परत गेली ती माझीच.

त्या मुलीला त्या दिवशी मी बसमध्येच उत्तर द्यायला लागलो होतो, पण मग थांबलो आणि म्हटले, खिडकीतून बघत राहा, माळ कुठे संपतो ते सांग. तिने बोट दाखवले तिथे ऊस सुरू झाला होता, आणि त्याच्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. टॉवरही होता एक, लांब. तिने तोही वहीत लिहिला. लिहू दिला. तपासायच्या यादीत तोही असायलाच हवा.